सगुणाकाकींनी फेडलेली सावड

एका जंगलात एक वानर राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथले वानर माझ्या कौलांवर येऊन नाचतील, आणि कौलं मी आत्ताच शाकारून घेतली आहेत. तेव्हा एका जंगलात, एवढ्यावरच भागवा.

नीट बसा. मागे ज्यांचे केस पिकलेत त्यांनीही मांडी घाला. गोष्ट संपेपर्यंत तुम्ही सगळी लहान मुलं आहात. संपली की जा आपापल्या कामाला.

तर या वानराचं नाव हेमांग. तो जंगलाच्या राजधानीत राहायचा. राजधानी म्हणजे सिंहाची गुहा आणि तिच्या भोवतीची उंच उंच झाडं. त्या झाडांवर सिंहमहाराजांची निरनिराळी खाती होती. ज्याची फांदी उंच तो प्राणी मोठा. हेमांगची फांदी मधली होती. खालच्यांना ती उंच वाटायची आणि वरच्यांना दिसायचीच नाही.

हेमांग डरकाळी खात्यात होता.

हसता काय? पूर्वी महाराज आपली डरकाळी आपणच फोडत. मनात आलं की फोडली. मग कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं, की महाराज, राजाने असं मनात येईल तसं ओरडू नये, आधी मसुदा करून घ्यावा. झालं, खातं निघालं. एकाने डरकाळी लिहायची. दुसऱ्याने ती हरणांना लागणार तर नाही ना, ते बघायचं. तिसऱ्याने ती हत्तींना समजेल अशी करायची. चौथ्याने शंका काढून परत पहिल्याकडे पाठवायची. आणि हे सगळं सागाच्या वाळलेल्या पानांवर. डरकाळी मंजूर होऊन गुहेत पोचेपर्यंत जिच्यासाठी ती फोडायची ती गोष्टच होऊन गेलेली असायची. मग महाराज जांभई देत आणि कूस बदलत.

हेमांगच्या फांदीखाली पानांचे ढीग साचले. एक ढीग उपसला की वरून दुसरा पडायचा. त्याला झोप येईना, भूक लागेना. शेपटीला मुंग्या यायला लागल्या.

त्याच सुमारास राजधानीत एक नवीन टूम निघाली होती. जंगलाच्या कडेला जायचं, तिथल्या एखाद्या शेतावर राहायचं, फुकट राबायचं, आणि परत येऊन ते सगळ्यांना सांगायचं. खातेप्रमुख कोल्हेसाहेबांनी हेमांगला बोलावलं.

"तूही जाऊन ये," ते म्हणाले. "साधं राहून बघ. तुझं तोंड बघ कसं काळं पडलंय."

वानराचं तोंड मुळातच काळं असतं. पण साहेबांना कोण सांगणार? हेमांगने पिशवी भरली आणि निघाला.

जंगलाच्या कडेला, एका उतारावर, सगुणाकाकी नावाची साळिंदर राहायची. वयस्क, अंगावर भरपूर काटे, बोलण्यात त्याहून जास्त. उतारावर तिचा भुईमूग होता. तो एवढा मस्त पिकला होता की बघणाऱ्याने हेवा करावा. पण तो काढणार कोण? पावसाळ्यात बांध लावताना एक दगड घसरून काकीच्या पायावर आला होता. बाई लंगडत होती. कुदळ मारायची ताकद पायात नव्हती. परतीचा पाऊस तर आठपंधरा दिवसांवर आला होता. तो पडला की जमिनीतल्या शेंगांना कोंब फुटणार आणि वर्षाचं बियाणं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, शेजारीपाजारी नव्हते का? होते की. शेजारी होता बाबल्या गवा, धोंडू अस्वल आणि शेवंता घोरपड. तिघंही जिवाला जीव देणारी. पण त्या कडेला एक रीत होती. तिला सावड म्हणतात. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या शेतात येते. हाताला हात. ज्याने दुसऱ्याचं काम केलं त्याचं काम दुसऱ्याने करायचं, आणि नवी पेरणी सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी सगळ्यांची सावड फेडून मोकळं व्हायचं. ज्याच्या अंगावर कुणाची सावड राहिली त्याला नव्या हंगामात धरत नसत. आणि सावडीबाहेर गेलेल्याची शेती एकट्याच्याने होत नसते. त्याने सरळ बिऱ्हाड उचलावं.

या सालात लंगड्या पायामुळे काकी कुणाच्याच शेतात गेली नव्हती. म्हणून तिने कुणाला बोलावलंही नव्हतं.

"आम्ही तसेच येतो की," बाबल्या म्हणाला होता. "तू काय परकी आहेस?"

"तसंच घेतलं की मी सावडीतनं गेले," काकी म्हणाली. "मग पुढच्या साली कुठल्या तोंडानं हाक मारू? तुम्ही दयेनं येणार आणि मी खाली मान घालून शेंगा वेचणार. नको बाबा. कोंब फुटले तर फुटले."

आणि ती दारात बसून आभाळाकडे बघत राहिली. तेवढ्यात समोरून हेमांग आला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी राजधानीहून आलोय. मला तुमच्या शेतावर काम करायचंय."

काकीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात लांब होते. ते तिला पसंत पडले.

"काय घेणार?"

"काही नाही. मी स्वयंसेवक आहे. फक्त जेवण आणि झोपायला जागा."

"काही घेणार नाही म्हणजे सावडीनं आलास," काकी म्हणाली.

हेमांगला सावड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शब्द त्याला छान वाटला. मातीचा वास आल्यासारखा वाटला. तो म्हणाला, "हो हो, सावडीनेच."

इथे लक्ष द्या. पुढे जे काही झालं ते या 'हो हो' मुळे झालं.

काकीने विचार केला आणि त्याला आधी आपल्या शेतात नेलंच नाही. तिने त्याला बाबल्याकडे नाचणी कापायला धाडलं. मग धोंडूकडे बांध रचायला. मग शेवंताकडे उडीद झोडायला. सगळीकडे निरोप एकच, हा माझ्या बदली आलाय. म्हणजे हात हेमांगचे, पण सावड काकीची. मग ते तिघे मान वर करून काकीच्या शेतात आले, आणि काकीने मान वर करून त्यांना बोलावलं. भुईमूग भराभर निघाला. शेंगा तोडल्या, वाळल्या, कणगीत पडल्या. काकीने शेवटची पाटी ओतली आणि संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला. ती पडवीत बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. धुरानं पाणी आलं म्हणाली. चूल तर कधीची विझली होती.

आणि हेमांग? तो खूष होता. यात मी थट्टा करत नाही. त्याला खरोखर भूक लागायला लागली. नाचणीची भाकरी आणि ठेचा यावर तो आडवा हात मारायचा. दिवस मावळला की घोरायचा. शेपटीतल्या मुंग्या गेल्या. तळहाताला फोड आले ते तो दर तासाला उघडून बघायचा आणि सगळ्यांना दाखवायचा.

फक्त त्याची बडबड थांबत नसे.

"काकी, तुम्ही किती साधं जगता," तो म्हणायचा. "दिवेलागणीला झोपता, उजाडताना उठता."

"रॉकेल कुठंय?" काकी म्हणायची.

"आणि तुमच्याकडे नवीन वस्तूच नाहीत. सगळं दुरुस्त करून वापरता."

"बाजार लांब आहे, बाबा. पाय दुखतो."

त्याला सगळ्यांत आवडला तो खताचा खड्डा. घराच्या मागे काकीने एक खड्डा काढला होता. त्यात पाल्याचा थर, त्यावर शेणाचा, त्यावर मातीचा, मग पुन्हा पाला. हेमांग त्या खड्ड्याच्या काठावर तासन्‌तास बसून राहायचा.

"काहीच वाया जात नाही," तो म्हणायचा. "काकी, हे तर अद्भुत आहे. कुजलेल्या पाल्यातून जीवन उगवतं."

"भोपळा उगवतो," काकी म्हणायची. "बी टाकलं तर. नाहीतर नुसती घाण येते."

हेमांगने हट्ट धरून खड्डा आपल्याकडे घेतला. चौघांनाही तो रोज त्याच्यावर व्याख्यान द्यायचा. थर कसा द्यावा, पाला बारीक का करावा, पाणी किती शिंपडावं. चौघांचे सात पिढ्यांपासून खड्डे होते. पण पोर मन लावून सांगतंय म्हणून ते ऐकून घ्यायचे. धोंडू तर मध्ये मध्ये "असं होय?" असंही म्हणायचा.

जायचा दिवस आला. काकीने त्याच्या पिशवीत शेंगा भरल्या आणि विचारलं, "बरं, तुझ्याकडं कधी निघतं काम?"

"माझ्याकडे?" हेमांग हसला. "माझ्याकडे बारा महिने काम. संपतच नाही."

"कसलं?"

"पानं, काकी. नुसती सागाची पानं. ढीगच्या ढीग. एक उपसला की दुसरा पडतो. गळ्यापर्यंत आलंय."

काकीला वाईट वाटलं. बाकीच्या तिघांनाही वाईट वाटलं. एवढं खताचं वेड असलेलं पोर, आणि याच्या दारात पाला पडून कुजतोय, उचलायला कुणी नाही.

"बोलावणं धाड," काकी म्हणाली. "आम्ही येऊ."

"या की," हेमांग म्हणाला. राजधानीत सगळे एकमेकांना असंच म्हणतात. कुणी जात नाही.

हेमांग परत गेला आणि आठवड्याभरात नामांकित झाला. तो खांद्यावर घोंगडी टाकून फिरायला लागला. थंडी सरली, उन्हाळा आला, तरी घोंगडी. घामाने निथळायचा, पण काढायचा नाही. जो भेटेल त्याला तळहात उघडून दाखवायचा. फोड कधीच बरे झाले होते, तरी दाखवायचा. या झाडावर त्याचं व्याख्यान, त्या झाडावर त्याचं व्याख्यान. "मी कसलीही अपेक्षा ठेवली नाही," असं त्याच्या व्याख्यानाचं पहिलं वाक्य असे. शेवटचंही तेच असे. फांदी दोन हात वर सरकली. फांदी वर गेली तशी खालची पानं वाढली. पानं वाढली तशी शेपटीत पुन्हा मुंग्या आल्या.

इकडे काकी बोलावण्याची वाट बघत होती. थंडी गेली. पाय बरा झाला. होळी झाली. बोलावणं येईना. चौघं एकत्र बसले की शेवंता घोरपड हळूच विचारायची, "काकी, त्या वानराची फिटली का?" ती मुद्दाम नव्हती विचारत. पण पेरणी जवळ येत चालली होती आणि रीत म्हणजे रीत. काकीच्या कणगीत बियाणं होतं. जमीन नांगरायला बाबल्या तयार होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की तिच्या अंगावर एक सावड होती आणि ज्याची होती तो ती फेडून घेईना. काकीला रात्री झोप लागेना. आता तिची शेती एका वानराच्या विसरभोळेपणावर टांगली होती.

एके सकाळी तिने भाकऱ्या बांधल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि कुदळ खांद्यावर टाकली.

"बोलावणं नसताना?" धोंडू म्हणाला.

"पोर लाजरं आहे," काकी म्हणाली. "मागायला संकोचत असंल."

"थांब, आम्हीपण येतो. एकटीनं एवढी पानं उचलायची नाहीत."

"मग ते माझ्या अंगावर."

"राहू दे अंगावर," बाबल्या म्हणाला. "पेरणीआधी एकेक दिवस आमच्या बांधावर ये, फिटली."

चौघं निघाले. शेवंता घोरपडीला बाबल्याच्या पाठीवर घेतलं. नाहीतर ही गोष्ट अजून रस्त्यातच असती.

ते राजधानीत पोचले त्या दिवशी महाराजांचा वार्षिक दरबार होता. सगळं जंगल मैदानात जमलं होतं. दरबारात आधी हेमांगचं व्याख्यान आणि मग महाराजांची डरकाळी, असा बेत होता. ही डरकाळी वर्षभर खपून तयार केली होती. मंजूर झालेलं पान सगळ्यांत मोठ्या ढिगावर, दगडाखाली ठेवलं होतं.

हेमांग घोंगडी सावरत निघालाच होता. समोर चौघं उभे. पाट्या, कुदळी, फावडी घेऊन.

"काकी? तुम्ही इकडे कुठे?"

"सावड फेडायला."

"अहो काकी, ती सेवा होती. मला परत काही नको."

काकीचे सगळे काटे ताठ उभे राहिले. "नको म्हणजे? मला सावडीतनं काढतोस? भर पेरणीच्या तोंडावर? मी तुझं काय वाईट केलं?"

हेमांग घाबरला. तिकडे तुतारी वाजत होती, त्याचं नाव पुकारत होते. आणि इथे ही बाई काटे उभारून रडायच्या बेतात.

"बरं बरं," तो घाईघाईने म्हणाला. "तो बघा, तिकडे माझा कोपरा. ती सगळी पानं. लावा काहीतरी व्यवस्था. मी आलोच."

त्याला म्हणायचं होतं, जरा नीट रचून ठेवा. पण तसं तो म्हणाला नाही.

काकीने ढीग बघितले. बाबल्याने बघितले. सागाची वाळकी पानं, झाडाच्या बुंध्यापासून पार गुहेच्या भिंतीपर्यंत. काही ढीग इतके जुने, की त्यांच्याखाली वाळवी लागली होती.

"पोराचे हाल आहेत," धोंडू हळहळला.

आणि त्यांनी पदर खोचला. अस्वलाला पदर नसतो, मला ठाऊक आहे. मध्ये बोलू नका.

धोंडूने खड्डा काढला. मोठा काढला. शेवंताने पानं चुरून बारीक केली, कारण हेमांगनेच सांगितलं होतं की बारीक करावीत. बाबल्याने शेणाची सोय जागच्या जागी केली. पाल्याचा थर, शेणाचा थर, मातीचा थर. काकी काठावर उभी राहून पाणी शिंपडत होती आणि म्हणत होती, पोराला आवडतं तसं करा, हयगय नको. हरणांना न लागणाऱ्या डरकाळ्या गेल्या. हत्तींना समजणाऱ्या डरकाळ्या गेल्या. शंका गेल्या, शंकांची उत्तरं गेली. सगळ्यांत मोठ्या ढिगावरचा दगड काकीने बाजूला ठेवला. दगड चांगला होता, बांधाला होण्यासारखा. त्याच्या खालचं पान खड्ड्यात गेलं. वर मातीचं लिंपण दिलं, त्यात भोपळ्याचं बी टोचलं आणि चौघं भाकरी सोडून बसले.

तिकडे मैदानात हेमांग सांगत होता, "मी कसलीही अपेक्षा ठेवली नाही." टाळ्या पडल्या. मग महाराज उठले. त्यांनी कोल्हेसाहेबांकडे पंजा केला. कोल्हेसाहेब पान आणायला धावले आणि धावत परत आले. पंजे रिकामे, शेपूट पायात.

"महाराज," ते म्हणाले, "पान सापडत नाही. खातंच सापडत नाही."

महाराजांनी आयाळ खाजवली. इतक्या वर्षांत पान हातात नसताना त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ते एकदा खाकरले. दुसऱ्यांदा खाकरले. मग त्यांनी डोळे मिटले आणि पोटातून जे वर आलं ते येऊ दिलं.

झाडांवरची माकडं टपाटपा खाली पडली. मोर आपल्याच पिसाऱ्यात लपले. हत्तींना ती डरकाळी नीट समजली. हरणं पळाली. पण काही अंतरावर जाऊन थांबली, आणि एक म्हातारं हरीण म्हणालं, किती वर्षांनी नीट पळायला मिळालं.

महाराजांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच आणखी एक फोडली. मग त्यांनी विचारलं, "हे मला येतच होतं. मग तुम्ही एवढे सगळे काय करत होता?"

खातं त्याच दिवशी बंद झालं आणि हेमांगची फांदी गेली.

तो पडक्या चेहऱ्याने कोपऱ्यात आला. ढीग नव्हते. स्वच्छ सारवल्यासारखी जमीन होती आणि कडेला ओल्या मातीचा उंचवटा. काकीने त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

"फिटली बघ सावड," ती म्हणाली. तिच्या अंगावरचं ओझं उतरलं होतं. ती इतकी हसत होती की तिचे काटे खुळखुळ वाजत होते.

"काकी," हेमांग म्हणाला, "तुम्ही माझी फांदी घालवलीत. मी आता कुठे जाऊ?"

काकीचं हसू थांबलं. तिने खड्ड्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग बाबल्याकडे. चुकलं होतं खरं, पण काय चुकलं ते चौघांपैकी कुणालाच कळत नव्हतं.

"भाकरी खा आधी," काकी म्हणाली. "मग चल आमच्याबरोबर. पेरणी आली. लांब हात लागतातच."

तो गेला. दुसरं करणार काय? पण या खेपेला त्याला सगळं तितकं गोड लागलं नाही. मुलांनो, परत जायचं ठरलेलं असताना रोज भाकरी-ठेचा खाणं वेगळं आणि उद्याही तेच आहे हे माहीत असताना खाणं वेगळं. तो कुरकुरायचा. फोड आले की आता कुणाला दाखवायचा नाही, ओरडायचा. दिवेलागणीला झोप येत नाही म्हणून तक्रार करायचा. काकी म्हणायची, "मग राजधानीत कसं काय आवडत होतं सांगायला?" तो कुदळ उचलून बाहेर पडायचा.

पण उताराच्या टोकाला एक पडीक तुकडा होता. एका सकाळी त्या तुकड्यावर चौघं कुदळी घेऊन उभे. कुणी त्याला विचारलं नव्हतं. काकीने राजधानीहून आणलेला तो दगड नव्या बांधाच्या मुळाशी बसवला. संध्याकाळपर्यंत तुकडा पेरणीजोगा झाला, आणि हेमांगच्या लक्षात आलं की आपल्या अंगावर चार जणांची सावड चढली आहे. म्हणजे आपण सावडीत आहोत. म्हणजे आता कुठे जाता यायचं नाही. त्याला एकदम बरं वाटलं. असं का वाटलं ते त्याने त्यानंतर कुठल्याच व्याख्यानात सांगितलं नाही, कारण त्याने व्याख्यानं सोडली. घोंगडीही त्याने थंडीपुरती ठेवली.

पुढच्या भुईमुगाच्या वेळी पाचही जण बांधावर भाकऱ्या खात बसले होते. समोरून एक पाहुणा येताना दिसला. पाठीला पिशवी, खांद्यावर घोंगडी. जवळ आला तर कोल्हेसाहेब.

"अरे हेमांग," ते म्हणाले, "मी काही दिवस साधं राहायला आलोय. काम करीन. काही नको मला."

"बसा साहेब. काय चाललंय तिकडे?"

"विचारू नकोस. महाराज आता उठसूट डरकाळ्या फोडतात. म्हणून शांतता खातं काढलंय. त्यांनी कधी गप्प बसायचं ते आम्ही ठरवतो. मीच प्रमुख आहे. जीव मेटाकुटीला आलाय."

हेमांगने काकीकडे बघितलं. काकीने हेमांगकडे बघितलं. बाबल्या चघळायचा थांबला.

"काही नको म्हणता," हेमांग म्हणाला. "म्हणजे सावडीने आलात."

"हो हो," कोल्हेसाहेब म्हणाले. "सावडीनेच."

"बरं, साहेब," हेमांगने मायेने विचारलं, "तुमच्याकडं कधी निघतं काम?"

"बारा महिने रे. पानंच पानं."

धोंडू अस्वल हळहळलं. काकीने उठून साहेबांच्या हातात कुदळ दिली आणि शेवंताला म्हणाली, "भोपळ्याचं बी जपून ठेव गं."

तात्पर्य: मुलांनो, कुणाला फुकट मदत करायला निघालात तर आधी चार ठिकाणी चौकशी करा. समोरचा उपकार विसरणारा असेल तर बिनघोर जा. तो तुम्हाला पुन्हा कधी त्रास देणार नाही. उपकार लक्षात ठेवणारा निघाला, तर तो एक ना एक दिवस पाटी-कुदळ घेऊन दारात येईल आणि तुमच्या भल्यासाठी काय वाटेल ते करील. आणि हो, माझ्या कौलांचं काम बाकी नाही. कुणी येऊ नका.